व्यवस्थापनशास्त्राची मूलतत्त्वे आणि आपली पेढी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेले भाषण)



विश्वस्त मंडळाने मला 'विद्यापीठातील व्यवस्थापनशास्त्राचे मूलभूत शिक्षण' हा विषय दिला आहे. मी प्राध्यापक नाही. शिवाजी विद्यापीठाचा वाणिज्य पदवीधर आहे आणि पदवीनंतरची चाळीसहून अधिक वर्षे कापडाच्या गादीवर बसलो आहे. तेव्हा परीक्षेच्या दृष्टीने या भाषणाचा उपयोग मर्यादितच आहे, हे विद्यार्थ्यांनी आधीच लक्षात घ्यावे.

आपल्या घरांतून दोन प्रकारचे प्रश्न ऐकू येतात. पहिला असा की, मुलाला शेवटी दुकानातच बसायचे असेल, तर व्यवस्थापन शिकायला पुण्याला कशाला पाठवायचे? दुसरा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो. एकदा शिकला की तो माणदेशात परत येईल कशाला? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. म्हसवड-दहिवडीच्या पेठेत दुकाने आहेत, गिऱ्हाईकही आहे, पण गादीवर पुढची पिढी नाही, अशी स्थिती अनेक घरांत आली आहे. म्हणून हे शास्त्र नेमके काय आहे आणि ते आपल्या कामाला येते का, याचा विचार आपणच केला पाहिजे.

अकरावी-बारावीच्या 'वाणिज्य संघटन व व्यवस्थापन' या विषयापासून ते एमबीएच्या पहिल्या सत्रापर्यंत या शास्त्राचा पाया जवळपास एकच असतो. नियोजन, संघटन, कर्मचारी व्यवस्था, निर्देशन आणि नियंत्रण, या क्रमाने प्रकरणे येतात. या मांडणीचे मूळ ज्यांच्याकडे जाते ते आन्री फेयॉल हे खाणीचे अभियंता होते. फ्रान्समधील एक कोळसा व लोखंडाची कंपनी डबघाईला आली असता १८८८ मध्ये त्यांनी तिची सूत्रे हाती घेतली, ती सावरली आणि आपला अनुभव १९१६ मध्ये प्रसिद्ध केला. व्यवस्थापनाची चौदा तत्त्वे म्हणून आपण जी पाठ करतो, ती त्यांचीच. त्यांच्या थोडे आधी अमेरिकेत टेलर यांनी पोलादाच्या कारखान्यात मजुरांच्या फावड्यांचा अभ्यास केला. एका खेपेत सुमारे साडेनऊ किलो माल उचलला तर दिवसभराचे काम सर्वाधिक होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९११ साली त्यांचे पुस्तक आले. म्हणजे ज्याला आपण पुस्तकी ज्ञान म्हणतो ते लिहिणारी माणसे खाणीत आणि भट्टीपाशी आयुष्य काढलेली होती. मात्र त्यांच्यासमोर हजारो मजुरांचा कारखाना होता, दोन नोकरांचे दुकान नव्हते. हा फरक शिकविताना सांगितला जात नाही आणि मग विद्यार्थ्याला वाटते की हे शास्त्र आपल्या वडिलांसाठी नाही.

आपल्या देशात मुंबईचे सिडनहॅम कॉलेज १९१३ मध्ये सुरू झाले आणि वाणिज्य शिक्षणाला महाविद्यालयाचे रूप आले. व्यवस्थापनाच्या मोठ्या संस्था त्यानंतर बऱ्याच उशिरा आल्या. कोलकाता व अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ च्या, तर मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची. यांपैकी अहमदाबादच्या संस्थेविषयी आपल्या समाजाला विशेष आस्था वाटावी. डॉ. विक्रम साराभाई आणि गिरणीमालक कस्तुरभाई लालभाई यांनी तिच्या उभारणीत पुढाकार घेतला. दोन्ही घराणी जैन आणि दोन्ही कापड धंद्यातली. त्याही आधी, १९५३ मध्ये, साराभाईंच्या कॅलिको मिलमध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे राइस यांनी एक प्रयोग केला होता. मागखात्यातील प्रत्येक कामगाराकडे एकेक सुटे काम होते आणि संपूर्ण कापडाची जबाबदारी मात्र कोणाकडेच नव्हती. राइस यांनी लहान गट करून प्रत्येक गटाकडे काही माग पूर्णपणे सोपविण्याची कल्पना मांडली आणि कामगारांनी ती स्वतःच अमलात आणली. उत्पादन वाढले आणि खराब कापडाचे प्रमाण घटले. जगभरच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण शिकविले जाते. आपण मात्र व्यवस्थापन म्हणजे परदेशातून आलेले काहीतरी असे समजून चालतो!

शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये कोल्हापुरात स्थापन झाले आणि आपल्या भागातील सामान्य घरांतील मुलांना पदवीचे दार उघडले. पुढे कोल्हापुरात डॉ. ए. डी. शिंदे यांची 'सायबर' संस्था आणि साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेची व्यवस्थापन संस्था निघाली. रयतचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांनी आधी ओगले काच कारखान्याचे आणि किर्लोस्करांचे विक्रेते म्हणून गावोगाव फिरून काम केले होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गावोगावची माणसे, त्यांची गरज आणि ऐपत ओळखण्याची सवय त्यांना त्या फिरतीतच लागली असावी, असे मला वाटते.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आम्ही शिकत असताना नियोजनाची व्याख्या पहिल्या प्रकरणात आणि नियंत्रण शेवटी असे. परीक्षा जवळ आल्यावर शेवटचे प्रकरण बहुतेक जण सोडून देत. माझे मत असे की माणदेशातल्या व्यापाऱ्याने हे पुस्तक उलटीकडून वाचावे. ज्याच्या हाती नियंत्रण नाही त्याचे नियोजन ही केवळ इच्छा असते, आणि पर्जन्यछायेच्या प्रदेशात इच्छेवर भांडवल लावता येत नाही. १९७२, २००३, २०१२-१३, २०१८-१९ या वर्षांची आठवण आपल्याला करून द्यायला नको.

नियंत्रण म्हणजे काय, ते कापडाच्या भाषेत सांगतो. समजा, एका दुकानात दहा लाखांचा माल आहे. खरेदीवर पंचवीस टक्के नफा ठेवला आणि माल वर्षात एकदाच फिरला, तर ढोबळ नफा अडीच लाख. दुसऱ्या दुकानातही दहा लाखांचाच माल आहे. तिथे दहाच टक्के नफा आहे, पण माल चार वेळा फिरतो. त्याचा ढोबळ नफा चार लाख. त्याला भाडे-हमाली जास्त पडेल, हे मान्य. तरीही तो पुढे आहे. आपल्या वाडवडिलांना हे कळत नव्हते असे नाही. पण ते डोक्यात होते, कागदावर नव्हते. आपण ताग्यावरच्या चिठ्ठीवर खरेदीभाव सांकेतिक अक्षरांत लिहितो. त्याच चिठ्ठीवर माल आल्याचा महिना आणि वर्षही लिहावे. एवढे केले तरी दर सहा महिन्यांनी कोणता माल म्हातारा होत चालला ते दिसते. शर्टिंगचे तुकडे, बदललेल्या चालीच्या साड्या फळीवर मागे सरकत जातात आणि दिवाळीच्या शिलकेत मात्र पूर्ण किमतीने मोजल्या जातात. कागदावरचा तो नफा आपणच आपल्याला दाखविलेला असतो.

उधारीचेही तसेच आहे. आपले गिऱ्हाईक महिन्याच्या पगारावर जगणारे नाही. कोणाचा पैसा ज्वारी-बाजरीचा, कोणाचा मेंढरांचा, कोणाचा ऊसतोडीच्या उचलीचा, तर कोणाचा मुलगा परप्रांतात गलाईच्या व्यवसायात आहे, त्याने पाठविलेला. पाऊस गेला तर पहिल्या दोघांची वसुली थांबते, चौथ्याची थांबत नाही. विद्यापीठात याला ग्राहकांचे वर्गीकरण म्हणतात. खतावणीत नावांच्या क्रमाऐवजी या वर्गांच्या क्रमाने उधारी मांडून पाहा आणि प्रत्येक रकमेपुढे ती किती दिवसांची आहे ते लिहा. निम्मी चिंता कुठे आहे ते एका पानात दिसेल.

हा प्रश्न पूर्वी सोयीचा होता, आता निकडीचा झाला आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि कापडाच्या प्रत्येक खरेदी-विक्रीचा हिशेब महिन्याच्या महिन्याला समोर ठेवणे आले. त्यानंतर २०२४-२५ या आकारणी वर्षापासून आयकरात अशी तरतूद लागू झाली की सूक्ष्म व लघु उत्पादकाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावेत. मुदत टळली, तर ती रक्कम प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत खर्च म्हणून धरता येत नाही. इचलकरंजीच्या नोंदणीकृत लहान यंत्रमागधारकाला दीड महिन्यात पैसे द्यायचे आणि आपले गिऱ्हाईक सुगीवर, म्हणजे सहा-आठ महिन्यांनी देणार! मधल्या काळाचे भांडवल कोठून आणायचे, हा आज आपल्या पेठेचा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर रोख प्रवाहाचा तक्ता मांडल्याशिवाय मिळत नाही. पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी हा तक्ता मांडू शकतो. त्याच्या वडिलांनी तो त्याला मांडू द्यावा, एवढीच अडचण आहे.

हे हाती आले की नियोजनाला अर्थ येतो. दिवाळी आणि तिच्या पाठोपाठ येणारी म्हसवडच्या सिद्धनाथाची रथयात्रा यांसाठी माल भरायची वेळ परतीच्या पावसाआधीच येते. अशा वेळी पूर्ण मागणी न नोंदविता चांगले, मध्यम आणि दुष्काळी असे तीन अंदाज शेजारी शेजारी लिहावेत, दुष्काळी अंदाजाइतका माल आधी घ्यावा आणि उरलेला पाऊस पाहून. दलाल नाराज होईल; होऊ द्यावे. लग्नसराईच्या बस्त्याच्या मालालाही हाच नियम लावता येतो.

संघटनाविषयी थोडक्यात सांगतो. एका माणसाने एकाच वरिष्ठाकडून आज्ञा घ्यावी, असे फेयॉल सांगतात. आपल्या दुकानात वडील, काका आणि थोरले बंधू असे तिघेही एकाच नोकराला तीन दिशांना पाठवितात आणि तो बिचारा चहा आणायला जातो. खरेदी कोणाची, वसुली कोणाची, हिशेब कोणाचा, हे घरात बसून एका कागदावर ठरविले तर निम्मे गृहकलह टळतील. त्या कागदावर घरातल्या सुना-मुलींची नावेही असावीत. हिशेबात त्या आपल्यापेक्षा अधिक काटेकोर असतात, हे घरखर्चाच्या वहीवरून सर्वांना ठाऊक आहे.

याचा सर्वांत मोठा पुरावा तर आपल्या म्हसवडमध्येच आहे. माण देशी महिला सहकारी बँक १९९७ मध्ये येथे सुरू झाली. संस्थापक श्रीमती चेतना गाला सिन्हा यांचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तक महिलांपैकी अनेकींनी अंगठे उठविले होते. त्या महिला साक्षरतेच्या वर्गाला बसल्या, पुन्हा मुंबईला गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या की, कोणत्याही रकमेचे व्याज आम्ही तोंडी सांगतो, आपल्या अधिकाऱ्यांनीही यंत्राविना सांगून दाखवावे. परवाना मिळाला. पुढे २००६ मध्ये त्याच परिवारातून ग्रामीण महिलांसाठी उद्योगिनी ही व्यवसाय शाळा निघाली आणि पाठोपाठ बसगाडीत भरणारी फिरती शाळाही सुरू झाली. शेळीपालन करणारी, भाजी विकणारी, शिवणकाम करणारी बाई तिथे खर्च, किंमत, नफा, बचत आणि कर्जफेड शिकते. त्यांच्या एका अभ्यासक्रमाला 'देशी एमबीए' असेच म्हणतात. फेयॉलचे नाव न घेता फेयॉलच शिकविला जातो, आणि तोही नियंत्रणापासून: आज किती आले, किती गेले, काय उरले. ज्या विद्यार्थ्यांनी व्यवस्थापनाला प्रवेश घेतला आहे त्यांनी सुटीत आठवडाभर तिथे जाऊन नुसते पाहावे, अशी माझी सूचना आहे.

कोणता अभ्यासक्रम घ्यावा, असेही मला पालक विचारतात. बीबीएसाठी २०२४ पासून आपल्या राज्यात सीईटी सुरू झाली, हे ध्यानात ठेवून तयारी करावी. माझे वैयक्तिक मत विचाराल तर आधी बी.कॉम. करून हिशेबावर हात बसवावा, दोन वर्षे कोणत्याही पेढीवर, शक्यतो दुसऱ्याच्या, काम करावे आणि मग एमबीए करावे. हिशेब न येता व्यवस्थापन शिकलेला मुलगा बोलतो छान, पण ताळेबंद समोर आला की गप्प होतो. ज्याला परत यायचे नाही त्याला बांधून ठेवू नये. पण त्याने जाण्यापूर्वी एकदा आपल्या दुकानाचा रोख प्रवाह मांडून वडिलांच्या हाती द्यावा.

अखेर विश्वस्त मंडळाला एक विनंती करतो. शिष्यवृत्ती देताना वाणिज्य व व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांकडून गावातील एका दुकानाचा अभ्यास-अहवाल घ्यावा. सुरुवात माझ्यापासून करावी. पाडव्यानंतर कोणतेही दोन विद्यार्थी येऊ देत. तीन वर्षांचा रोजमेळ, खतावणी आणि शिलकेच्या याद्या त्यांच्यासमोर ठेवीन. गिऱ्हाइकांची नावे तेवढी झाकावी लागतील, आणि चिठ्ठीवरच्या सांकेतिक अक्षरांचा अर्थ मात्र सांगणार नाही.