बाद झालेला लॅपटॉप

आज माझ्या भाच्याच्या लॅपटॉपबद्दल बोलायचंय. त्यातून लिनक्सचा विषय येईल, पण आधी लॅपटॉप.

भाचा परभणीचा. यूपीएससीच्या तयारीसाठी दिल्लीत, ओल्ड राजेंद्र नगरला, एका खोलीत तिघं. मी नोएडात सेक्टर ६२ ला. दोघांचं घर मेट्रोच्या ब्लू लाइनवर, म्हणून रविवारी जेवायला माझ्याकडे असतो. दिल्लीला आला त्याच वर्षी त्यानं नेहरू प्लेसमधून जुना लॅपटॉप घेतला होता. ज्यांनी नेहरू प्लेस पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: मंडी हाउसला मेट्रो बदलून व्हायोलेट लाइन घ्यायची. बाजारात पाय ठेवला की ‘लॅपटॉप? चार्जर? रिपेअरिंग?’ असं विचारत माणसं मागे लागतात. मोठ्या कंपन्यांनी काही वर्षं वापरून काढलेले लॅपटॉप इथे झाडूनपुसून विकले जातात. घासाघीस केली नाही तर दुकानदाराला चुकल्यासारखं वाटतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. त्या आठवड्यात भाच्याचा फोन.

‘मावशी, दुकानदार म्हणतो, ये तो डब्बा हो गया, एक्सचेंज कर लो. वर वीस हजार मागतोय.’

‘आईला सांगितलंस?’

‘ती म्हणाली, सोयाबीनचे पैसे आले की पाठवते.’

सोयाबीनचे पैसे कसे येतात आणि त्यावर आधीच किती जणांची नावं लिहिलेली असतात, ते तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, पैसे मागू नकोस, लॅपटॉप घेऊन ये.

यंत्रात बिघाड काही नव्हता. इंटेलचा सहाव्या पिढीचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, जुनी फिरणारी हार्ड डिस्क. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. म्हणजे मुलगा हुशार, पण यादीत नाव नाही. विंडोज १० ला तेव्हा एका वर्षाची वाढीव मुदत घेता येत होती, तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. आणि तेवढ्यानं लॅपटॉपचा वेग वाढत नाही.

तो मंद का होता? ४ जीबीतली बरीचशी जागा विंडोज चालू होतानाच अडवून बसते. मग ब्राउझरचे चार टॅब उघडले की रॅम संपते, सिस्टीम जास्तीचं सामान हार्ड डिस्कवर ठेवते, आणि ती डिस्क फिरत फिरत ते शोधत बसते. घरातली भांडी माळ्यावर ठेवून दर फोडणीला शिडी लावावी, तसं. लिनक्स मिंटची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती आहे. ती सुरू होऊन बसली की साधारण १ जीबीच्या आसपास जागा घेते. उरलेली तुमची.

दुकानदाराच्या वीस हजारांऐवजी आम्ही एक छोटी एसएसडी घेतली आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसवली. हे आधी करा. जुन्या लॅपटॉपला एवढा फरक दुसऱ्या कशानं पडत नाही. नवे अगदी स्वस्त लॅपटॉप मिळतात, त्यांतल्या बऱ्याच मॉडेलांत रॅम आणि साठवण दोन्ही बोर्डावर डकवलेली असतात, पुढे वाढवता येत नाहीत. माझं मत विचाराल तर त्यापेक्षा कंपनीतून निघालेला जुना, जाडजूड लॅपटॉप बरा.

दिल्लीनं स्वस्त संगणकाचं स्वप्न आधीही पाहिलंय. ५ ऑक्टोबर २०११ ला इथेच कपिल सिब्बलांच्या हस्ते ‘आकाश’ टॅबलेट आला. २५६ एमबी रॅम, बोटानं नीट दाबल्याशिवाय न ऐकणारा पडदा. गाजावाजा खूप झाला, वापरणारे कंटाळले. त्याआधी, २००७ मध्ये, सी-डॅकनं डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली भारतीय भाषांसाठी काढली होती. तिचं नाव आमच्या घरात कुणी ऐकलेलं नव्हतं. असो.

कृती सोपी आहे. पेन ड्राइव्हवर मिंट चढवायचं, लॅपटॉप सुरू होताना एफ१२ दाबायचं (दर कंपनीची कळ वेगळी), आणि आधी काहीही न पुसता पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहायचं. वायफाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटल्यावर झोपतो का, सगळं तपासा. पटलं नाही तर पेन ड्राइव्ह काढा, विंडोज जसंच्या तसं.

आता माझी चूक. नोट्सचे फोल्डर मी कॉपी केले आणि त्याच उत्साहात जुनी डिस्क पुसून बॅकअपसाठी बाजूला ठेवली. डेस्कटॉपवरचा ‘उत्तरं’ नावाचा फोल्डर राहिला. आठ महिने लिहिलेल्या सराव उत्तरांचे स्कॅन, तपासणाऱ्यांच्या शेऱ्यांसकट. भाचा काही बोलला नाही. जेवला, डबा घेतला आणि गेला. तो रविवार मला अजून आठवतो. तेव्हा डेस्कटॉप आणि डाउनलोड्ससुद्धा उघडून पाहा, आणि मूळ डिस्क महिनाभर तरी पुसू नका.

सगळं चालतं असंही नाही. त्याच्या क्लासचे व्हिडिओ फक्त विंडोजच्या ॲपमध्ये उघडतात, ते तो आता मोबाइलवर बघतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या मराठी फाइली आगीतून फुफाट्यात जातात.

मराठी टंकलेखन मात्र छान चालतं. इन्स्क्रिप्ट निवडा. ‘दुसऱ्या’मधला र कसा काढायचा, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो: शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश. झालं ऱ्य.

आता दर रविवारी भाच्याबरोबर त्याच्या ओळखीतलं कुणीतरी लॅपटॉप घेऊन येतं. गेल्या वेळी लातूरचा मुलगा आला होता. त्याच्या लॅपटॉपवर चहा सांडलेला. म्हटलं बाबा, याला लिनक्स नको, नेहरू प्लेस हवं. बस, आधी पोळी खा.