नळाचे माप



सांक नदीवरचे तिघरा धरण १९१६ सालचे. विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्यासाठी योजलेली आपोआप उघडणारी दारे इथेही बसली. ग्वाल्हेर आजही तेच पाणी पिते. धरणातले पाणी मोजता येते. ते कोणाच्या घरी किती पोचले, हे मोजणे अवघड.

केंद्र सरकारने २००८ मध्ये पाणी, सांडपाणी, कचरा व पावसाळी निचरा यांसाठी २८ मापे ठरवली. पाण्याचे माप माणशी रोज १३५ लिटर, तक्रारनिवारणाचे ८० टक्के. पण १३५ ही सरासरी. बोळाच्या तोंडाशी दोनशे आणि टोकाला सत्तर मिळाले, तरी सरासरी तीच. टोकाच्या घरातला रांजण मात्र अर्धाच. आणि कंटाळून कोणी तक्रारच केली नाही, तर कागदावर निवारण चोख.

दरबारी दफ्तरात जमाखर्च लिहिणाऱ्यांची पतवंडे या सभागृहात आहेत. त्यांना विनंती एवढीच: घरच्या कॅलेंडरवर रोज लिहा, पाणी कधी आले, कधी गेले, किती बादल्या भरल्या. बोळातल्या दहा घरांची महिन्याची नोंद घेऊन नगर निगमात जाऊ. गाऱ्हाणे नुसते ऐकून घेता येते. हिशेबाला हिशेबानेच उत्तर द्यावे लागते.