पहिला तास गावाचा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मेळाव्यात आपण कापसाचा आणि ज्वारीचा हिशेब मांडतो. आज वेळेचा हिशेब मांडायचा आहे.

पऱ्हाटीत फवारणारा गडी भोवळ येऊन पडतो. तोंडाला फेस, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आपण धावतो आणि काय करतो? कोणी मिठाचे पाणी पाजतो, कोणी कांदा हुंगवतो. विषाने भिजलेला सदरा अंगावर तसाच. मग मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून तालुक्याला. आम्हीही असेच केले आहे. २०१७ साली एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. साप चावून देशात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे मरतात, असा २००० ते २०१९ या वीस वर्षांचा अंदाज आहे. त्यात बहुतेक आपल्यासारखीच, खेड्यातली.

१०८ ची गाडी आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे, आणि पहिला फोन तिलाच करायचा. पण २०१४ साली ती सेवा सुरू झाली तेव्हा गाड्या ९३७ आणि राज्यातली गावे चाळीस हजारांवर. गाडी पोचेपर्यंतचा वेळ गावाच्याच हातात असतो. त्या वेळात शिकलेला एक माणूस जवळ हवा.

हे तर डॉक्टरचे काम, आपल्या पोरांना कसे जमेल? पिट्सबर्ग या अमेरिकेतल्या शहराची हकीकत ऐका. तिथे काळ्या लोकांच्या हिल वस्तीत आजाऱ्याला पोलिसांच्या गाडीत टाकून नेत. मागे त्याच्याजवळ उपचार जाणणारा कोणी नसे. १९६७ साली डॉ. पीटर साफार या भूलतज्ज्ञाने त्याच वस्तीतली बेकार माणसे निवडली. काहींची शाळाही पुरी झालेली नव्हती. सुमारे ३०० तासांचे शिक्षण देऊन त्यांच्या हाती गाडी दिली. ‘फ्रीडम हाउस’ हे त्या सेवेचे नाव. पुढे त्यांच्या प्रमुख डॉक्टर नॅन्सी कॅरोलाइन यांच्याकडेच साऱ्या देशासाठी अभ्यासक्रम लिहिण्याचे काम आले.

पण शेवटही ऐका. १९७५ साली शहराने स्वतःची सेवा काढली, फ्रीडम हाउस बंद झाले आणि ज्यांनी वाट पाडली त्यातले बरेच बाहेर फेकले गेले. तेव्हा शिकवणीबरोबर दुसरी मागणीही आजच करायची: प्रमाणपत्राला सरकारी मान्यता हवी आणि १०८ च्या गाडीवर, ग्रामीण रुग्णालयात नेमणूक देताना आपल्या पोरापोरींचा विचार आधी व्हावा.

पूर्ण शिक्षण डॉक्टरांकडून आणि दवाखान्यातच घ्यावे लागेल. पण सुरुवातीचे धडे गावात देता येतात. विषबाधा झाली तर आधी आपल्या हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी, मग त्याचे कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा, डाव्या कुशीवर निजवा. ओकारी काढू नका. औषधाचा डबा बरोबर न्या. साप चावला तर कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. पाय काठीला सैल बांधून हलू देऊ नका आणि सापाची लस असलेल्या दवाखान्यात थेट न्या. ट्रॅक्टर उलटून रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके दाबून धरा. मान वाकवू नका. श्वास थांबला तर छाती कशी दाबायची, हे मात्र भाषणाने येत नाही. हाताने करूनच शिकावे लागते.

म्हणून आमचे मागणे एवढेच. प्रत्येक गावाने दोन नावे द्यावीत, त्यात एक बाईचे. निंदणीला आणि वेचणीला शेतात बायाच जास्त असतात, पडलेल्या माणसाजवळ आधी त्याच पोचतात. जिल्हा रुग्णालयाकडे शिकवणीची मागणी घेऊन आपण जाऊ, ती रिकाम्या हाताने नको, नावांची यादी घेऊन.

पीक बुडाले तर पुढच्या मृगाची वाट पाहता येते. घरचा माणूस गेला तर कशाची वाट पाहणार? मांडवातून उठण्याआधी नावे लिहून द्या.