धक्का नेमका कधी द्यायचा?

लाकडी चकतीच्या कडेला चार चुंबकं बसवायची, सगळ्यांचा एकच ध्रुव बाहेर. शेजारी तांब्याच्या तारेची गुंडाळी, रीड स्विच आणि बॅटरी. चुंबक जवळ आलं की स्विचच्या काचनळीतल्या पत्त्या जुळतात, गुंडाळीतून क्षणभर वीज वाहते आणि चुंबक पुढे ढकललं जातं. झाली घरगुती स्पंद-मोटर!

खरा आनंद मात्र तिच्या जुळवणीत आहे. झोपाळ्यासारखंच इथंही धक्क्याची वेळ साधावी लागते. तो लवकर मिळाला, तर येणारं चुंबक मागेच रेटलं जातं. शिवाय गुंडाळीत प्रवाह एकदम चढत नाही. वेग वाढला की हा उशीर चांगलाच जाणवतो. म्हणून स्विच मिलिमीटरभर सरकवायचा आणि मल्टीमीटर पाहायचा. वेग तोच राहून प्रवाह घटला, की जागा सापडली.

प्रवाह तुटताना गुंडाळीत बॅटरीच्या कितीतरी पट व्होल्टेज उसळतं आणि ठिणगीनं पत्त्या जळतात. गुंडाळीला समांतर, उलट दिशेनं १एन४००७ हा स्वस्त डायोड जोडला की त्या वाचतात.

अमेरिकेतल्या जॉन बेदिनी यांनी हीच उसळी दुसऱ्या बॅटरीकडे वळवणारी रचना लोकप्रिय केली. तिच्यातून घेतलेल्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळते, हा दावा मात्र सिद्ध झालेला नाही.