यीस्टला ॲसिड का झेपत नाही?

चायनीजच्या गाडीवर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या मिरच्या असतात बघा, त्या लवकर नासत नाहीत. कारण व्हिनेगरमधलं ॲसिटिक ॲसिड जंतूंना वाढू देत नाही. ताटात हे चांगलंच आहे, पण इथेनॉलच्या कारखान्यात हेच ॲसिड डोकेदुखी ठरतं.

उसाच्या मळीत साखर तयारच असते. यीस्ट ती खातं आणि इथेनॉल बनवतं. भाताच्या पेंढ्यात मात्र साखर घट्ट बांधलेली असते. पानिपतला इंडियन ऑइलच्या ज्या प्रकल्पाचं ऑगस्ट २०२२ मध्ये उद्घाटन झालं, तो वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढ्यातून ३ कोटी लिटर इथेनॉल काढण्यासाठी उभारलाय. एरवी शेतातच जाळला जाणारा पेंढा! पण गंमत अशी, की पेंढा फोडताना साखरेबरोबर ॲसिटिक ॲसिडही सुटतं, आणि यीस्ट मंदावतं.

का मंदावतं? आंबट द्रावणात या ॲसिडचे बरेचसे रेणू अखंड असतात. ते पेशीच्या पडद्यातून आरपार आत जातात. आत वातावरण कमी आंबट असतं, म्हणून तिथे ते फुटतात आणि पेशी आतून आंबट होऊ लागते. मग पेशी पंप लावून आम्ल बाहेर फेकत बसते. बोटीत पाणी शिरतंय आणि तुम्ही बादलीने उपसताय, तसंच. सगळी ताकद उपसण्यात गेली, तर वाढायचं कशाने?

आता प्रश्न असा, की यीस्टचे कोणते जीन या लढाईत कामाला येतात? यीस्टमध्ये सुमारे ६ हजार जीन आहेत. त्याचा पूर्ण जीनोम १९९६ मध्येच वाचून झाला. मग शास्त्रज्ञांनी सरळ युक्ती केली. प्रत्येक वाणातून एकच जीन काढून टाकायचा. जे जीन काढले तरी यीस्ट जगतं, अशा जवळपास ५ हजार वाणांचा संच तयार झाला. प्रत्येकात डीएनएचा वेगळा बारकोडही घातलाय, म्हणजे सगळे एकाच फ्लास्कमध्ये वाढवले तरी कोण टिकलं, कोण मागे पडलं हे मोजता येतं.

लिस्बनच्या संशोधकांनी असा संच ॲसिटिक ॲसिडमध्ये वाढवून पाहिला. २०१० मध्ये त्यांनी सांगितलं, की सुमारे ४९० जीन सहनशक्तीसाठी लागतात. काही पेशीची भिंत सांभाळतात, काही आतलं आम्ल साठवणीच्या कप्प्यात ढकलतात. आणि एचएए१ नावाचा जीन मुकादमासारखा इतर अनेक जीनना कामाला लावतो. त्याचं काम वाढवलं, की यीस्ट ॲसिड जास्त सोसतं, हेही नंतर दिसलं.

पण थांबा. जीन काढल्यावर पेशी कोलमडली, म्हणून तोच जीन वाढवल्यावर ती दणकट होईलच असं नाही. गाडीचं चाक काढलं तर गाडी थांबते. पाचवं चाक लावून ती जोरात पळत नाही! शिवाय पेंढ्याच्या द्रावणात ॲसिटिक ॲसिड एकटं नसतं, फरफ्युरलसारखी इतर विषारी रसायनंही असतात. म्हणून अशा चाळणीतून हाती येते ती उमेदवारांची यादी. खरी परीक्षा कारखान्याच्या टाकीतच.

तर मंडळी, पेंढ्याचा धूर कमी करण्याच्या गोष्टीत यंत्रं आहेत, सरकार आहे, शेतकरी आहेत, आणि एक न दिसणारं यीस्टही आहे.