हिरवं पाणी अन् घरचा यूव्ही

हेडफोन नीट लावा, आज आपण पाण्यावर बोलणार आहोत. प्यायच्या नाही, माशांच्या.

अमरावती असो की अकोला, उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो. खिडकीतलं ऊन टाकीवर पडतं अन् आठ दिवसांत पाणी हिरवंगार. घरचे म्हणतात, "बदलून टाक ना!" पण नळ रोज येतो कुठं? अन् बदललं तरी पुन्हा हिरवं होतंच. कारण ते पाण्यात तरंगणारं शेवाळ आहे, इतकं बारीक की स्पंजच्या फिल्टरमधून आरामात निघून जातं.

इथं कामी येतो यूव्ही-सी प्रकाश. साधारण २५४ नॅनोमीटरचा हा प्रकाश पेशीतला डीएनए बिघडवतो, म्हणजे शेवाळ अन् जंतू वाढूच शकत नाहीत. याच तत्त्वावर मुंबईत जन्मलेले शास्त्रज्ञ डॉ. अशोक गाडगीळ यांनी १९९० च्या दशकात, कॉलऱ्याची साथ आल्यावर, गावांसाठी स्वस्त यंत्र बनवलं. त्यांनी दिवा पाण्यात बुडवलाच नाही, वर टांगला अन् खालून पाणी वाहू दिलं. म्हणजे दिव्यावर क्षार जमायचा प्रश्नच मिटला.

आपल्याला मात्र बंद डबाच पाहिजे, कारण उघडा दिवा डोळे अन् कातडी भाजतो. घरच्या वॉटर प्युरिफायरमध्ये असतो तो स्टीलचा यूव्ही चेंबर फिल्टर दुरुस्तीवाल्याकडे मिळतो. सोबत ११ वॅटची ट्यूब, चोक अन् क्वार्ट्झची नळी घ्या. साधी काच चालत नाही, ती यूव्ही-सी अडवते. फिल्टरमधून निघालेलं पाणी छोट्या पंपानं चेंबरमध्ये सोडा अन् पाइपनं परत टाकीत आणा. झालं मशीन!

आता एक काम करा. १ लिटरची बाटली परतीच्या पाइपखाली धरा. ३६ सेकंदांत भरली, तर पंप तासाला १०० लिटर देतो. २ फूट लांब, १ फूट रुंद अन् १ फूट उंच टाकीत साधारण ५० लिटर पाणी असतं. मग अर्ध्या तासात काम संपलं? नाही भाऊ! स्वच्छ झालेलं पाणी जुन्यातच मिसळतं. २ तास चालवलं, तेव्हा कुठं १०० तले ९८ थेंब एकदा तरी दिव्यासमोरून गेलेले असतात. पाणी फार जोरात सोडलं, तर प्रकाश लागायला वेळच मिळत नाही.

जुनी काढलेली ट्यूब फुकट मिळते म्हणून लावू नका. यूव्ही-सी डोळ्यांना दिसत नाही. आपल्याला दिसतो तो नुसता निळसर उजेड. ८-९ हजार तासांनंतर ट्यूब तशीच चमकते, पण मारायची ताकद उतरलेली असते.

सुरक्षेत तडजोड नाही. चेंबर टाकीच्या बाहेर ठेवा, स्टीलला अर्थिंग द्या, बोर्डावर ईएलसीबी पाहिजेच. वायरीला प्लगच्या खाली झोल ठेवा, म्हणजे पाणी ओघळलं तरी खालीच टपकेल. टाकीत हात घालायच्या आधी प्लग काढा. ट्यूब चालू आहे का हे पाहायला चेंबर उघडायचा नाही, म्हणजे नाहीच.

अन् हे काय करत नाही, तेही ऐका. अमोनिया जात नाही, क्षार जात नाहीत. दर्यापूर, अकोट, तेल्हारा या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी यूव्हीतून काढलं तरी खारंच राहणार. उलट क्वार्ट्झवर पांढरा थर बसतो, तो व्हिनेगरनं पुसावा लागतो. माशांना औषध देताना यूव्ही बंद ठेवा, काही औषधं त्यानं निकामी होतात. शेवाळ मेलं की ऑक्सिजन कमी होतो, म्हणून हवेचा पंप चालू ठेवा.

शेवटचं अन् महत्त्वाचं: हा जुगाड माशांसाठी आहे. यातलं पाणी घरी कुणाला प्यायला देऊ नका. किती प्रकाश पाण्याला लागला, हे मोजायचं साधन आपल्याकडे नाही. मासा अन् माणूस, दोघांचाही जीव महागाचा आहे.

बाकी, टाकीवर पडणारं ऊन आधी पडद्यानं अडवा अन् खाणं कमी टाका. त्यातच भागलं, तर खर्च वाचला! भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.