संगणकाचे जाळे पूर्ववत् करण्यापूर्वी
(कळंब येथील शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



इंटरनेट बंद पडले की आपण प्रथम मनोऱ्याला बोल लावतो. परंतु पुष्कळदा दोष संगणकातच असतो. नीरा डाव्या कालव्यास पाणी आहे, पण आपल्या चारीचे दारच अडकले आहे, असा हा प्रकार होय.

विंडोजच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून ‘आयपीकॉन्फिग’, पुढे तिरकी रेघ व ‘ऑल’ अशी आज्ञा द्यावी. पत्त्याचा आरंभ १६९.२५४ ने होत असेल, तर राउटरकडून पत्ता न मिळाल्याने संगणकाने तो स्वतःच धरला आहे, असे समजावे. ‘ऑल’च्या जागी ‘रिलीज’ लिहून तो सोडावा, ‘रिन्यू’ लिहून नवा मागावा. बहुधा एवढ्याने भागते.

न भागल्यास ‘नेटश इंट आयपी रीसेट’ ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने द्यावी व संगणक पुन्हा सुरू करावा. मात्र ही आज्ञा हाताने भरलेला पत्ताही पुसून टाकते. एका शाळेत मी उत्साहाच्या भरात ती दिली. तेथील पत्त्याची नोंद कोठेच नव्हती. यू-डायसची मुदत जवळ आलेली. मुख्याध्यापिकाबाई काही न बोलता नोंदवही मिटून बसल्या. ते न बोलणे मला अद्याप बोचते.

म्हणून ‘डीएचसीपी एनेबल्ड’ यापुढे ‘नो’ दिसल्यास पत्ता, सबनेट मास्क, गेटवे व डीएनएस यांचे आकडे जडवस्तुसंग्रह नोंदवहीच्या शेवटच्या पानावर शाईने उतरून घ्यावेत. मगच आज्ञेस हात घालावा.